लस मुलीची, चर्चा चारित्र्याची

एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांना दोन मुली आहेत. थोरली १९ वर्षांची असून पुण्यात वसतिगृहात राहून शिकते, धाकटी १३ वर्षांची असून आठवीत आहे. धाकटीला ताप आला म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे नेले असता त्यांनी दोघींनाही एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी, लस देऊन घ्या, असे सुचवले. घरी विषय निघाला आणि वादाला तोंड फुटले. सासूबाईंनी कुठूनतरी ऐकले होते की या लसीने पुढे मूल होत नाही, आणि "कुमारी मुलीला असली लस टोचायची म्हणजे लोकांना सांगायचे तरी काय", असा त्यांचा सवाल आहे. यजमानांचे म्हणणे असे की हा रोग अनुवंशिक नाही, मग आत्ताच कशाला. लग्न ठरले की बघू. त्यांनी मोबाइलवर आलेला एक संदेशही दाखवला, ज्यात आंध्र प्रदेशात या लसीने सात मुली दगावल्याचे लिहिले होते. या घरातल्या थोरल्या जाऊबाई चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४७व्या वर्षी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभर अंगावरून रक्त जात होते, पण पाळी जायच्या वयात असे होतेच, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. त्यांच्या माघारी नातलगांत त्यांच्याविषयी नको ते बोलले गेले. भगिनी विचारतात, "आमच्या मुली चांगल्या वळणाच्या आहेत. त्यांना या लसीची खरोखर गरज आहे का? आणि असली, तर मी घरच्यांशी भांडून ती द्यावी का?"

ताई,

तुमच्या पत्रातला पहिला प्रश्न वैद्यकीय वाटतो, पण त्यात "चांगल्या वळणाच्या" हे शब्द आले आणि प्रश्नाचा रोख बदलला. तुम्ही लिहिलेत ते स्वाभाविक आहे, कारण तुमच्या घरात गेली चार वर्षे या रोगाची चर्चा नेमकी याच शब्दांत होत आली आहे. म्हणून लसीकडे वळण्याआधी तुमच्या जाऊबाईंबद्दल लिहितो. त्यांच्यावर अन्याय झाला आहे, आणि तो दूर केल्याशिवाय तुमच्या मुलींचा निर्णय मोकळेपणाने होणार नाही.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ प्रत्येक वेळी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले सुमारे चौदा कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे, आणि त्यांतही १६ व १८ या क्रमांकांचे दोन प्रकार निम्म्याहून कितीतरी अधिक, म्हणजे जगभरात सुमारे सत्तर टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत ठरतात. तो शरीरसंबंधांतून पसरतो हे खरे आहे. पण तो इतका सर्रास आढळतो की वैवाहिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची लागण होऊन जाते आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होत जातात आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात.

या हिशेबाने तुमच्या जाऊबाईंना लागण झाली ती बहुधा त्यांच्या विशी-तिशीत. ती कोणाकडून झाली, हे आज कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि सांगू शकली असती तरी त्याने काही साधले नसते. आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या स्त्रीलाही हा रोग होतो. नवऱ्याला लग्नाआधी कधी लागण झालेली असेल, तर त्यालाही त्याची कल्पना नसते, कारण पुरुषांत बहुतेकदा कोणतेही लक्षण दिसत नाही. नातलगांनी मृत बाईच्या चारित्र्याची चिकित्सा केली, तिच्या वर्षभराच्या रक्तस्रावाची मात्र कोणी केली नाही. दीरांकडे बोट दाखवा असे मी मुळीच सुचवत नाही. कोणाकडेच दाखवू नये, एवढेच म्हणतो.

आता तुमच्या यजमानांच्या युक्तिवादाकडे येऊ. हा रोग अनुवंशिक नाही हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि काकूचे तर मुलींशी रक्ताचे नातेही नाही. मात्र त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. रोग रक्तातून येत असता तर "आमच्या घराण्यात नाही" असे म्हणून काही घरे निर्धास्त राहू शकली असती. तो एका सर्वत्र पसरलेल्या विषाणूमुळे होतो, म्हणून कोणतेच घर त्यातून वगळता येत नाही. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान होते आणि पाऊण लाखाहून अधिक स्त्रिया त्याने दगावतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. इतक्या स्त्रियांच्या वळणात काही खोट होती, असे म्हणण्याचे धाडस तुमच्या सासूबाईही करणार नाहीत.

"लोकांना सांगायचे तरी काय" या त्यांच्या सवालाला एक सरळ उत्तर आहे, आणि ते तुमच्या कपाटातच असेल. धाकटीचे बाळपणीचे लसीकरण कार्ड काढा. त्यावर हिपॅटायटिस बी अशी नोंद असेल, सुटी किंवा पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित, लसीचा भाग म्हणून. हा आजारही रक्तातून आणि जन्मताना आईकडून तसाच शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुढे यकृताच्या कर्करोगाला कारण ठरतो. ती लस दीड महिन्याच्या बाळाला टोचून घेताना याच सासूबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या असतील आणि कोणाच्या मनात वावगा विचारही आला नसेल. एचपीव्हीच्या लसीभोवती संकोच जमला तो केवळ ती वयात येणाऱ्या मुलींना दिली जाते म्हणून. लोकांना सांगायचे ते एवढेच, की ही कर्करोग टाळण्याची लस आहे. हे अर्धसत्य नाही. ती याच कामासाठी तयार झाली आहे.

मग "लग्न ठरले की बघू" यात काय चुकते? या लसीचा सगळा भर वेळेवर आहे. ती विषाणूच्या बाहेरच्या कवचातील एका प्रथिनापासून बनवतात. त्यात विषाणूचा जनुकीय अंश नसतो, त्यामुळे तिच्यातून संसर्ग होणे शक्यच नसते. शरीर त्या रिकाम्या कवचाची ओळख ठेवते आणि खरा विषाणू आला की त्याला पेशींत शिरू देत नाही. पण एकदा शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढू शकत नाही, झालेले बदल बरे करू शकत नाही. म्हणून ती संसर्गाची शक्यता सुरू होण्याच्या पुष्कळ आधी घेतलेली बरी. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीराचा प्रतिसाद मोठ्या मुलींपेक्षा जोमदार असतो आणि त्यामुळे मात्राही कमी लागतात. लग्न ठरल्यावर, म्हणजे साखरपुडा, खरेदी आणि पत्रिकांच्या धांदलीत, सहा महिन्यांत पसरलेल्या तीन मात्रा कोण कशा पूर्ण करील, हा प्रश्न वेगळाच.

वेळेचा हा फरक आकड्यांतही दिसतो. स्वीडनमध्ये सुमारे पावणेसतरा लाख मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. सतरा ते तीस या वयात घेतलेल्यांमध्ये ते ५३ टक्क्यांनी कमी होते. इंग्लंडमध्ये बारा-तेरा वर्षांच्या वयात लस दिलेल्या मुलींच्या पिढीत ८७ टक्के घट दिसली. लस निघाली २००६ साली, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षे तिची उपयुक्तता संसर्ग आणि कर्करोगपूर्व बदल किती घटले यावरूनच मोजावी लागत होती. आता प्रत्यक्ष कर्करोग कमी झाल्याचे पुरावे हाती आहेत, आणि ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी कोणी इतक्या ठामपणे लिहू शकले नसते.

आंध्र प्रदेशाबद्दलचा तो संदेश मी खोटा म्हणून झटकून टाकणार नाही, कारण त्याच्या मुळाशी एक खरी आणि लाजिरवाणी घटना आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेच्या पुढाकाराने, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि राज्य सरकारांच्या सहभागाने, हजारो मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प सुरू झाला. पुढच्या काही महिन्यांत त्यांपैकी सात मुलींचा मृत्यू झाल्याचे समोर आले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला. चौकशीत त्यांतल्या पाच मृत्यूंची कारणे उघडच निराळी निघाली: एक मुलगी बुडाली होती, एकीला साप चावला होता, दोघींनी कीटकनाशक प्यायले होते, एकीला हिवताप झाला होता. लसीने मृत्यू झाल्याचे चौकशी समितीला आढळले नाही.

पण त्याच चौकशीत आणि पुढे २०१३च्या संसदीय समितीच्या अहवालात जे बाहेर आले ते गंभीर होते. वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. मुलींना काय टोचले जाते आहे, कशासाठी, त्रास झाला तर कुठे जायचे, हे नीट सांगितलेच गेले नव्हते. लोकांचा विश्वास उडाला तो यामुळे, आणि मला विचाराल तर रास्तच उडाला. तुमच्या यजमानांना हे सगळे असेच्या असे सांगा. "त्या वेळी संमती नीट घेतली नाही" आणि "लसीने मुली दगावल्या" ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले खरे आहे, दुसरे नाही. तुमच्या घरी संमती देणारे तुम्ही दोघे आहात, प्रश्न विचारायला डॉक्टर समोर आहेत, आणि मुलगी तेरा वर्षांची, सगळे समजण्याच्या वयाची आहे.

या प्रकरणाला एक अनपेक्षित शेपूट आहे आणि ते थेट महाराष्ट्रापर्यंत येते. त्याच सुमारास देशातल्या नऊ केंद्रांवर, ज्यांत बार्शी, पुणे आणि मुंबई ही होती, दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. सरकारच्या आदेशामुळे त्यातले लसीकरणही अर्ध्यावर थांबले आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले होते, दोन-तीन मात्रांइतकेच. पुढे केनियासारख्या ठिकाणच्या अभ्यासांतूनही याला दुजोरा मिळाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस या वयोगटासाठी एक किंवा दोन मात्रा पुरेशा असल्याचे मान्य केले. बार्शीच्या आसपासच्या ज्या मुलींचे लसीकरण "अपुरे राहिले" म्हणून हळहळ व्यक्त झाली असेल, त्यांच्यामुळे गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलींची लस स्वस्त आणि सोपी झाली.

आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सहसा भारतीय बालरोग अकादमीच्या शिफारशीप्रमाणे चालतात. नऊ ते चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि पंधरा पूर्ण झाल्यावर तीन: पहिली आज, दुसरी एक-दोन महिन्यांनी, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. तुमची धाकटी तेराची आहे, म्हणजे दोन मात्रांत काम होईल. अजून दोन वर्षे गेली तर तीन लागतील. लसींमध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आहे, जिला २०२२ साली मान्यता मिळाली. ती चार प्रकारांवर चालते आणि बाजारात आली तेव्हा एका मात्रेला सुमारे दोन हजार रुपये पडत होते. परदेशी गार्डासिल चार प्रकारांची आणि नऊ प्रकारांची अशा दोन रूपांत मिळते. नऊ प्रकारांची कितीतरी महाग पडते. परवडत असेल तर ती घ्यावी, पण महागडीसाठी पैसे साठेपर्यंत थांबू नये. १६ आणि १८ पासूनचे संरक्षण सगळ्यांत आहे आणि खरी बाजी तिथेच आहे. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते का, कोणत्या वयाच्या मुलींना मिळते, याची चौकशी खाजगी दवाखान्यात पैसे भरण्याआधी गावातल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य करा.

सासूबाईंची वंध्यत्वाची भीती मात्र थट्टेवारी नेऊ नका. नातींना मूल व्हावे ही त्यांची इच्छा आहे. त्या मुलींच्या विरोधात बोलत नाहीत. जगभरात कोट्यवधी मात्रा दिल्या गेल्या आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने हा प्रश्न तपासला आहे, आणि लसीने वंध्यत्व येते असे आढळलेले नाही. मूल होण्याची वाट खरोखर बंद करतो तो हा कर्करोग. त्याच्यासाठी बहुतेकदा गर्भाशय काढावे लागते किंवा किरणोपचार द्यावे लागतात. सासूबाईंनी थोरल्या सुनेचे उपचार डोळ्यांनी पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना हे समजावण्यासाठी तुम्हाला फार शब्द लागणार नाहीत. शक्य असेल तर त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. घरात सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेले यांत जो फरक पडतो, तो आपण दोघेही जाणतो.

त्रास काय होतो तेही सांगतो. दंडावर टोचतात, हात एक-दोन दिवस दुखतो, थोडा सुजतो, एखादीला कणकण येते. या वयातल्या मुलींना सुई टोचल्यावर चक्कर येण्याचे प्रमाण जरा जास्त असते, म्हणून उपाशीपोटी नेऊ नये, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटे दवाखान्यातच बसवून ठेवावे. तीव्र ॲलर्जी फार विरळा, दर दहा लाख मात्रांमागे एक-दोन इतकीच, आणि ती आलीच तर बहुतेकदा याच पंधरा मिनिटांत कळते. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगावे. ताप असेल तर उतरू द्यावा. पाळी चालू असली तरी लस घेता येते, आणि लसीआधी कोणतीही तपासणी करावी लागत नाही. हे शेवटचे वाक्य सासूबाईंपर्यंत पोहोचेल असे पाहा. पुष्कळ आज्यांच्या विरोधामागे नातीची "तसली" तपासणी होईल ही भीती असते, आणि ती कोणी बोलून दाखवत नाही.

आता थोरलीविषयी. तुमच्या पत्रात तिचे वय आहे, वसतिगृह आहे, वळण आहे. तिचे मत नाही. एकोणीस वर्षांची मुलगी कायद्याने सज्ञान आहे. तिची लस हा तुमचा आणि यजमानांचा निर्णय नाही, तिचा आहे; तुम्ही माहिती द्यायची आणि पैशांची सोय करायची. तिला उशीर झालेला नाही, स्वीडनचा ५३ टक्क्यांचा आकडा तिच्याच वयोगटापासून सुरू होतो. तिने लसीला होकार दिला तर "का बरे?" असे विचारू नका, आणि नाही म्हणाली तर त्यातून वेगळा अर्थ काढू नका. पुण्यात राहून तिला तीन मात्रा वेळेवर घेणे तुमच्या गावापेक्षा सोपे जाईल. कोणत्याही एका मात्रेला उशीर झाला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेली घेतली की झाले, हेही तिला कळवा. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या गणितात तारखा चुकतातच.

लस दिल्याने मुली बहकतात, ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण घरात कोणाच्या तरी मनात ती असेल. अमेरिकेत अटलांटा येथे मुलींच्या वैद्यकीय नोंदींवरून हे तपासण्यात आले, आणि लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलींच्या वागण्यात तसा फरक दिसला नाही. धाकटीला तुम्ही शिक्षिकेच्या सवयीने मोठा पाठ द्याल अशी मला थोडी धास्ती वाटते. दोन वाक्ये पुरतात: एक विषाणू असतो, तो मोठेपणी बायकांना कर्करोग करू शकतो, काकूंना झाला तोच, आणि ही लस तो टाळते. तिने पुढे विचारले तर खरे सांगा. नाही विचारले तर तेवढ्यावर थांबा.

घरच्यांशी भांडावे का, हा तुमचा दुसरा प्रश्न. मला वाटते, भांडणाची वेळ येऊ नये, आणि निर्णय रेंगाळूही नये. तुम्ही कमावत्या आहात, धाकटीच्या आई आहात, तिला घेऊन दवाखान्यात गेलात तर अडवणारे कोणी नाही. पण यजमानांना अंधारात ठेवून घेतलेल्या पहिल्या मात्रेनंतर सहा महिन्यांनी दुसरी यायची असते, आणि घरात लपवालपवी सुरू झाली की मुलीला वाटते आपण काहीतरी गैर करतो आहोत. त्यापेक्षा यजमानांना एका मुदतीसह बसवा: या महिनाअखेरीस डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तुमचे प्रश्न लिहून घेऊन चला. ते आले तर उत्तम. नाही आले, तरी मुदत पाळा, आणि पाळणार आहात हे आधीच सांगून ठेवा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांनी विचारलेल्या दोन-तीन गोष्टींची उत्तरे इथेच देतो. मुलग्यांनाही ही लस देता येते. घसा, गुदद्वार आणि शिश्नाच्या काही कर्करोगांपासून आणि जननेंद्रियांवरच्या चामखिळींपासून त्यांनाही संरक्षण मिळते, पण पैसे एकाच मुलासाठी असतील तर आधी मुलीला द्यावी. गरोदर स्त्रीने ती बाळंतपणानंतर घ्यावी. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुली-स्त्रियांमध्ये या कर्करोगाचा धोका सुमारे सहापट असतो. त्यांनी एका मात्रेवर समाधान न मानता डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन पूर्ण कराव्यात.

आणि आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, तिच्याकडे येतो. तुम्ही ४३ वर्षांच्या आहात. मुलींना लस देऊन त्यांचा धोका पुष्कळ कमी होईल, शून्य होणार नाही, आणि त्यांनाही तिशीनंतर तपासणी लागेलच. तुमच्यासाठी मात्र आज लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची आहे, आणि ती तुम्ही कधी केली आहे असे पत्रावरून वाटत नाही. यात तुम्ही एकट्या नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी स्त्रियांनी ही तपासणी कधी केली होती. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळेही पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. तुमच्या जाऊबाईंच्या चाळिशीत अशी एक चाचणी झाली असती, तर कर्करोगपूर्व बदल दवाखान्यात एका बैठकीत गोठवून किंवा भाजून काढता आले असते.

तपासणीत काही निघाले म्हणजे पिशवी काढावी लागणार, असा समज खेड्यापाड्यांत पसरला आहे, आणि बीडच्या ऊसतोड महिलांच्या बाबतीत त्याच भीतीचा कसा गैरफायदा घेतला गेला ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. कर्करोगपूर्व बदलांसाठी गर्भाशय काढण्याची गरज बहुतेकदा नसते. कोणी लगेच काढायला सांगितले, तर जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दुसरे मत घ्या.

तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्यसेवेत ही तपासणी दर पाच वर्षांनी मोफत करायची असते. तिथे बहुधा ॲसिटिक आम्लाची पद्धत वापरतात: गर्भाशयमुखावर पातळ आम्ल लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरे डाग उमटतात का ते पाहतात. निकाल तिथल्या तिथे कळतो. पन्नाशीनंतर ही पद्धत तितकी उपयोगाची नसते. त्या वयात, किंवा परवडत असेल तर कोणत्याही वयात, एचपीव्हीची चाचणी अधिक खात्रीची. पाळीचे दिवस सोडून जा, आणि दोन दिवस आधीपासून योनिमार्गात कोणतेही औषध वापरू नका. दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, पांढऱ्याला दुर्गंधी येत असेल, तर पाच वर्षांचा हिशेब न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिकांपैकी बहुतेकींनी ही तपासणी केलेली नसेल. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघी-तिघी मिळून उपजिल्हा रुग्णालयात गेलात तर संकोचही कमी होईल आणि रांगेत सोबतही होईल. जाण्याआधी फोन करून त्या दिवशी तपासणीचे काम चालू आहे का, तेवढे विचारून घ्या.